अमेरिकन यादवी युद्ध : शिपायाची शिदोरी आणि शिपायाचा पगार

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली लिहिलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आपले विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख हमखास करतात आणि त्यावर टाळ्याही पडतात. पण ती गुलामगिरी ज्या युद्धाने मोडली, ते युद्ध लढणारा साधा शिपाई काय खात होता, कुठे झोपत होता, महिन्याकाठी त्याच्या हातात काय पडत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पाठ्यपुस्तकात लिंकन असतो, ग्रँट आणि ली हे सेनापती असतात, लढायांच्या सनावळ्या असतात. शिपाई मात्र आकड्यापुरताच येतो. प्रस्तुत लेखात त्या आकड्यामागच्या माणसाची थोडी ओळख करून देण्याचा विचार आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८६० साली अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले आणि गुलामांच्या श्रमावर जगणारी दक्षिणेतील अकरा राज्ये एकामागून एक संघराज्यातून फुटून निघाली. त्या वेळी अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या, आणि ९ एप्रिल १८६५ रोजी अॅपोमॅटॉक्स येथे सेनापती ली शरण आले. या चार वर्षांत उत्तरेकडून वीस लाखांहून अधिक आणि दक्षिणेकडून साडेसात ते दहा लाख माणसे लढली. मृतांचा आकडा पूर्वापार ६ लाख २० हजार असा दिला जातो. अलीकडच्या काळात जनगणनेच्या नोंदी तपासून संशोधकांनी तो सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर नेला आहे. केंटकीसारख्या सीमेवरील राज्यात एक भाऊ उत्तरेकडे तर दुसरा दक्षिणेकडे, अशी घरे होती. खुद्द लिंकनच्या पत्नीचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या सैन्यात होते. यादवी हा शब्द आपल्या भाषेत किती नेमका आहे ते अशा वेळी कळते.

हे युद्ध आपल्यापासून फार दूर होते असेही नाही. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या नौदलाने रोखल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरच्या सट्ट्याने शहर वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. त्या वेळची बँक ऑफ बॉम्बे त्या पडझडीतून सावरली नाही, तिला गाशा गुंडाळावा लागला. बँकेच्या नोकरीत असल्यामुळे हा इतिहास मला आधी ठाऊक होता, शिपायाचा नंतर कळला.

शिपाई होता कोण? बहुतांशी शेतकऱ्याचा, मजुराचा, कारागिराचा मुलगा. सुरुवातीला दोन्हीकडे उत्साहाने भरती झाली. पुढे माणसे कमी पडू लागली तेव्हा सक्ती आली, आणि सक्तीबरोबर पळवाटाही आल्या. उत्तरेच्या १८६३ च्या कायद्यानुसार तीनशे डॉलर भरले किंवा बदली माणूस दिला की सुटका होत असे. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. म्हणजे तीनशे डॉलर हा त्याचा सुमारे तेवीस महिन्यांचा पगार झाला! दक्षिणेत १८६२ च्या ऑक्टोबरात कायदा झाला की ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम आहेत त्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट मिळावी. ज्याच्याकडे एकही गुलाम नाही असा गरीब गोरा शेतकरी मात्र गुलामांच्या मालकांचे राज्य टिकवण्यासाठी बंदूक घेऊन निघाला. युद्ध श्रीमंतांचे आणि लढाई गरिबांची, अशी कुरकुर दोन्ही छावण्यांत होती व ती खोटी नव्हती.

आता शिपायाच्या शिदोरीकडे वळू. उत्तरेच्या शिपायाचे मुख्य अन्न म्हणजे 'हार्डटॅक' नावाचे बिस्किट. बिस्किट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चहात बुडवायचा पदार्थ येतो, पण हे नुसते पीठ आणि पाणी कालवून भाजलेले, सुमारे तीन इंच चौरस आणि अर्धा इंच जाड असे दगडासारखे चौकोन होते. दिवसाला अशी नऊ-दहा बिस्किटे मिळत. ती दाताने फुटत नसत. बंदुकीच्या दस्त्याने ठेचून, पाण्यात भिजवून किंवा डुकराच्या चरबीत तळून खावी लागत. कोठारातून छावणीपर्यंत पोहोचेतो महिने उलटत आणि त्यांत सोंडे व अळ्या होत. शिपाई ती गरम कॉफीत चुरडून टाकीत. किडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि खालचे खायचे. या बिस्किटांना त्यांनी दात बोथट करणारे, किड्यांचे वाडे अशी नावे ठेवली होती. याबरोबर खारवलेले डुकराचे मांस, घेवड्याचे दाणे, थोडी साखर, मीठ आणि कॉफी. ताजी भाजी क्वचितच. सरकारने भाज्या वाळवून, दाबून त्यांच्या वड्या पाठवल्या, पण पाण्यात टाकल्यावर त्यातून पाने, देठ, मुळ्या असे सगळेच फुगून वर येई. शिपायांनी त्याची यथेच्छ टिंगल केली आहे.

कॉफीवर मात्र त्यांचा जीव. मुक्काम पडला रे पडला की शेकडो लहान लहान जाळ पेटत आणि प्रत्येकाच्या टिनच्या डब्यात कॉफी उकळू लागे. दक्षिणेच्या शिपायाला हे सुख नव्हते. नाकेबंदीमुळे कॉफी मिळेना म्हणून तिकडे रताळी, ओकची फळे, राय, चिकोरी असे काय काय भाजून, दळून उकळले गेले. त्याचे रोजचे खाणे मक्याचे पीठ आणि थोडे खारे मांस. तेही पुढे पुढे अर्धे आणि पाव झाले. पण दक्षिणेत तंबाखू भरपूर होती आणि उत्तरेकडे कॉफी. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पहारा देणारे शत्रू रात्री गुपचूप तंबाखू आणि कॉफीची अदलाबदल करीत. वरिष्ठांनी मनाई केली तरी हा व्यवहार थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तेच एकमेकांवर गोळ्या झाडीत.

सैन्यात भरती होताना डॉक्टर समोरचे दात पाहात असत, कारण बंदुकीची काडतुसे कागदाची असून ती दातांनी फाडावी लागत. बाकीची तपासणी बहुधा नावालाच. शिपायाच्या अंगावर उन्हाळ्यातसुद्धा लोकरीचा गणवेश, पाठीवर कांबळे, तंबूचा अर्धा तुकडा, खांद्याला शिदोरीची पिशवी आणि पाण्याची बाटली, कंबरेला चाळीस काडतुसे, हातात चार किलोची बंदूक. एकूण ओझे वीस किलोच्या घरात जाई. उन्हाळी कूच सुरू झाली की वाटेच्या दोन्ही बाजूंना टाकून दिलेले डगले आणि कांबळी पडलेली असत, आणि हिवाळ्यात तेच लोक थंडीने कुडकुडत. दक्षिणेच्या पलटणीत तर बुटांचा तुटवडा इतका की कित्येक जण अनवाणी किंवा पायांना फडकी गुंडाळून चालत. मेलेल्या शत्रूच्या पायांतले बूट काढून घेणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

तंबूही तसेच. दोघांनी आपापला अर्धा तुकडा जोडून जो बुटका तंबू व्हायचा त्याला शिपाई कुत्र्याचे घर म्हणत, कारण त्यात रांगतच शिरावे लागे. हिवाळी मुक्कामाला ते लाकडाचे ओंडके रचून, फटींत चिखल भरून झोपड्या बांधीत. धुराड्यासाठी वर एक तळ काढलेले पिंप बसवले की झाले घर. आणि चिखल! १८६३ च्या जानेवारीत व्हर्जिनियात सेनापती बर्नसाइड यांनी सैन्य हलवले, तोच पाऊस सुरू झाला. तोफा, खेचरे, गाड्या सगळे चिखलात रुतले आणि मोहीम न लढताच परत फिरली. नदीपलीकडून शत्रूचे शिपाई हा तमाशा पाहून हसत होते. इतिहासात तिला 'चिखलकूच' असेच नाव पडले आहे.

उवांबद्दल लिहावे की नाही असा विचार आला, पण छावणीचे वर्णन त्यांच्याशिवाय पुरे होत नाही. शिवणींत दडून बसणाऱ्या या उवा सेनापतींनाही सोडीत नसत. कपडे उकळल्याशिवाय त्या मरत नाहीत, आणि उकळायला भांडे कुठे? ज्यात कॉफी आणि सूप होई त्यातच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या युद्धात मेलेल्या तीन शिपायांपैकी साधारण दोघे गोळीने मेले नाहीत, आजाराने मेले. त्यातही पहिला क्रमांक लागतो तो हगवण आणि आमांशाचा. त्याखालोखाल विषमज्वर, न्यूमोनिया, हिवताप, देवी आणि गोवर. गोवर हा आपण लहान मुलांचा आजार समजतो, पण दूरच्या खेड्यातून आलेल्या तरुणांना तो कधी झालेला नसे. हजार माणसे एकत्र आली की पहिल्या महिन्यातच पलटणीची पलटण अंथरुणाला खिळे. शौचाचे चर ओढ्याच्या काठी खणलेले, आणि त्याच ओढ्याचे पाणी पिण्याला. जंतूंमुळे रोग होतो हे ज्ञान तेव्हा डॉक्टरांनाही नव्हते. लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. तोवर सर्जन एका जखमीवरची सुरी अंगरख्याला पुसून दुसऱ्यावर चालवीत होते. शिशाची मऊ गोळी हाडाचा भुगा करी, म्हणून हात किंवा पाय कापणे हाच उपाय. शस्त्रक्रियांपैकी चारात तीन अशा असत. क्लोरोफॉर्म आणि ईथर उपलब्ध होते ही त्यातल्या त्यात दया. पोटाच्या तक्रारींवर अफू आणि पाऱ्याचे कॅलोमेल देत. कॅलोमेलने माणसांचे दात आणि जबडे गेले. उत्तरेचे सर्जन जनरल हॅमंड यांनी १८६३ मध्ये ते औषधांच्या यादीतून काढून टाकले, तर डॉक्टर मंडळीच त्यांच्यावर उलटली.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. जून १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनने छावण्यांची स्वच्छता, अन्न, औषधे यांवर लक्ष ठेवले. डॉ. जोनाथन लेटरमन यांनी १८६२ पासून जखमींना उचलून नेण्याची शिस्तबद्ध व्यवस्था लावली. त्याआधी जखमी दोन-दोन, तीन-तीन दिवस रणांगणावर पडून असत. क्लारा बार्टन यांच्यासारख्या स्त्रिया गाड्या भरून मलमपट्टीचे सामान घेऊन थेट रणांगणाजवळ गेल्या. पण एवढ्यावर हा विषय पुरे करतो, कारण मला अधिक जागा ज्या गोष्टीला द्यायची आहे ती पुढे आहे.

१ जानेवारी १८६३ च्या मुक्ततेच्या जाहीरनाम्यानंतर उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीयांची भरती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय शिपाई भरती झाले. त्यांतले बहुसंख्य कालपरवापर्यंत गुलाम होते. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले पुढारी. एकदा या माणसाच्या अंगावर सरकारी गणवेश आणि खांद्यावर बंदूक आली की त्याचे नागरिकत्व कोणी नाकारू शकणार नाही, असे ते सांगत. त्यांनी स्वतःची दोन मुले मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत पाठवली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पलटणीतून निवृत्त झालेले आजोबा होते त्यांना डग्लस काय म्हणत होते हे वेगळे समजावून सांगायला नको.

मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी भरतीच्या वेळी गोऱ्यांइतक्याच पगाराचे वचन दिले होते. पण पगारवाटपाची वेळ आली तेव्हा १८६२ चा एक कायदा पुढे करण्यात आला. तो कायदा कृष्णवर्णीय मजुरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. त्यानुसार महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ डॉलर वजा, म्हणजे हातात ७. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर, आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. गोऱ्या सार्जंटला १७ डॉलर होते, तर कृष्णवर्णीय सार्जंटला तेच ७. काम तेच, गोळी तीच, बिस्किटातले किडेही तेच. उलट खंदक खणण्याची, ओझी वाहण्याची कामे कृष्णवर्णीय पलटणींच्या वाट्याला जास्त येत.

१३ ते १६ जुलै १८६३ या दिवसांत न्यूयॉर्क शहरात सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल पेटली. गोऱ्या गरिबांचा राग तीनशे डॉलरच्या कायद्यावर होता, पण तो निघाला कृष्णवर्णीयांवर. माणसांना ठार मारण्यात आले, अनाथ मुलांचा आश्रम जाळण्यात आला. त्याच आठवड्यात, १८ जुलैला, ५४ वी पलटण दक्षिणेत फोर्ट वॅग्नरवर चालून गेली आणि तिची मोठी हानी झाली. त्या संध्याकाळपर्यंत त्यांतल्या एकालाही सरकारकडून पगार मिळालेला नव्हता.

या पलटणीने काय केले? सात डॉलर घेतले नाहीत. एक महिना नाही, दोन महिने नाही, तब्बल अठरा महिने पगाराच्या टेबलाकडे जाऊन परत फिरले. राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून फरक भरून देण्याची तयारी दाखवली, तीही त्यांनी नाकारली. प्रश्न सहा डॉलरचा नव्हता, शिपाई म्हणून मान्यता मिळण्याचा होता. तेरा डॉलरच्या हिशेबानेही अठरा महिन्यांचे २३४ डॉलर होतात. घरी बायकामुले अन्नाला महाग झाल्याची पत्रे येत होती आणि हे लोक वाळूत खंदक खणीत, पहारे करीत, लढाया लढत होते. पगारवाढीसाठी एक दिवसाचा संप करून दुसऱ्या दिवशी कापलेल्या पगाराची चिंता करणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांना हे वाचताना थोडे गप्प व्हावे लागते.

याच पलटणीतील जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कॉर्पोरलने २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट लिंकनना पत्र लिहिले. हा पूर्वी व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर काम केलेला तरुण. आम्ही शिपायाचे कर्तव्य केले आहे, मग आम्हाला शिपायाचा पगार का नाही, एवढाच त्याचा सवाल होता. भाषा अत्यंत आदराची, पण मान कोठेही वाकलेली नाही. पुढे फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातील लढाईत तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि जुलैमध्ये कैदेत मरण पावला. समान पगाराचा कायदा जूनमध्ये झाला होता.

सगळ्यांच्या नशिबी निदान लढून मरणेही नव्हते. साउथ कॅरोलायनाच्या तिसऱ्या पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर यांनी नोव्हेंबर १८६३ मध्ये आपल्या तुकडीला कर्नलच्या तंबूसमोर नेऊन बंदुका रचून ठेवायला लावल्या. सरकारने करार मोडला, आता आम्ही शिपाई नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांच्यावर बंडाचा खटला चालला आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्याच सैन्याने, ज्या मागणीसाठी, ती मागणी साडेतीन महिन्यांत सरकारने मान्य केली.

१५ जून १८६४ चा तो कायदाही सरळ नव्हता. १ जानेवारी १८६४ पासून सर्वांना समान पगार, पण त्याआधीचा फरक फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र नागरिक होते. जे त्या दिवशी गुलाम होते त्यांना मागचा फरक नाही! म्हणजे एकाच पलटणीत दोन याद्या. ५४ व्या पलटणीचे कर्नल हॅलोवेल यांनी यावर एक युक्ती काढली. शिपायाने शपथ घ्यायची ती अशी, की त्या तारखेला किंवा त्यापूर्वी माझ्याकडून फुकट श्रम करून घेण्याचा कोणाही माणसाला हक्क नव्हता. जो गुलाम होता तोही ही शपथ पूर्ण सत्याने घेऊ शकत होता. कायद्याच्या शब्दात राहून कायद्याची लबाडी उलटवण्याचे इतके सुंदर उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही. उरलेल्या पलटणींना मात्र मार्च १८६५ पर्यंत थांबावे लागले.

साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणीत सूझी किंग नावाची मुलगी होती. जन्माने गुलाम. जॉर्जियात गुलामांना शिकवणे बेकायदा असताना ती लहानपणी पुस्तके कागदात गुंडाळून, लपवून शिकायला जात असे. १८६२ साली चौदाव्या वर्षी ती छावणीत आली ती धोबीण म्हणून. पण कपडे धुण्याबरोबर ती बंदुका साफ करी, जखमींची शुश्रूषा करी, आणि फावल्या वेळात शिपायांना लिहायला-वाचायला शिकवी. दिवसभर कवायत आणि खणणे करून आलेली मोठाली माणसे जाळाच्या उजेडात अक्षरे गिरवीत. छावणीचे आयुष्य म्हणजे नव्वद टक्के कंटाळा. त्या कंटाळ्यावर गोऱ्या शिपायांनी पत्ते आणि जुगार हा उपाय काढला. या पलटणींत पत्त्यांबरोबर अंकलिपी फिरत होती. सूझी किंग टेलर यांनी १९०२ साली आपल्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. चार वर्षांच्या त्या सेवेबद्दल त्यांना कधीही पगार मिळाला नाही.

पकडलेल्या कृष्णवर्णीय शिपायाला युद्धकैदी मानायचे नाही, तर पळालेला गुलाम मानायचे, असे दक्षिणेचे धोरण होते. १२ एप्रिल १८६४ रोजी फोर्ट पिलो येथे शरण आलेल्यांची कत्तल झाली. याच धोरणामुळे कैद्यांची अदलाबदल बंद पडली आणि दोन्हीकडचे तुरुंग भरत गेले. सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे जॉर्जियातील अँडरसनव्हिल. साडेसव्वीस एकरांचे लाकडी कुंपण, वर छप्पर नाही, मधून एकच ओढा आणि तोही पहारेकऱ्यांच्या छावणीतून घाण होऊन येणारा. ऑगस्ट १८६४ मध्ये तेथे सुमारे ३३ हजार माणसे कोंबलेली होती. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक कठडा असे, त्याला हात लावणाऱ्यावर गोळी झाडली जाई. मका कणसाच्या दांड्यासकट दळून देत, तो आतडी सोलून काढी. चौदा महिन्यांत आलेल्या ४५ हजारांपैकी जवळजवळ १३ हजार मेले. उत्तरेनेही यात हात धुऊन घेतले. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे अन्नाची कमतरता नसताना बारा हजारांपैकी तीन हजारांच्या आसपास दक्षिणेचे कैदी मेले.

अँडरसनव्हिलच्या इस्पितळात डोरन्स अॅटवॉटर नावाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या उत्तरेच्या कैद्याला कारकून म्हणून बसवले होते. काम एकच, रोज मेलेल्यांची नावे लिहायची. नाव, पलटण, आजार, तारीख, कबरीचा क्रमांक. ही यादी दक्षिणेचे लोक उत्तरेला देणार नाहीत असे वाटून त्याने दुसरी प्रत गुपचूप केली आणि सुटताना कोटाच्या अस्तरात लपवून आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन यांच्याबरोबर जाऊन त्याने त्या यादीवरून कबरींवर नावे लावली. सुमारे तेरा हजारांपैकी साडेचारशेच्या आसपास कबरींवरच 'अज्ञात' लिहावे लागले. आणि सरकारने त्याला काय दिले? यादीच्या मालकीवरून वाद काढून चोरीच्या आरोपाखाली शिक्षा. दोन-तीन महिन्यांनी तो सुटला आणि १८६६ मध्ये ती यादी छापून घराघरांत पोहोचली.

कृष्णवर्णीय शिपायांच्या थकलेल्या पगाराची पुढची हकिकत मला माझ्या नोकरीमुळे विशेष लागते. त्यांनी पैसे सुरक्षित ठेवावेत म्हणून १८६४ मध्ये काही छावण्यांजवळ लष्करी बचत बँका निघाल्या. त्यांच्याच धर्तीवर मार्च १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. पुस्तकावर लिंकनचे चित्र. लोकांना वाटले, पैशाला सरकारची हमी आहे. हमी नव्हती. वरच्या मंडळींनी सट्टेबाजांना कर्जे दिली आणि १८७४ मध्ये बँक बुडाली. एकसष्ट हजार खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. काहींना वर्षांनी काही अंश मिळाला, पुष्कळांना काहीच नाही. या बँकेची खाते उघडण्याची रजिस्टरे मात्र शिल्लक आहेत. त्यांत खातेदाराचे नाव, पलटण, जन्मस्थान, आईबाप, भावंडे, विकली गेलेली मुले, काही ठिकाणी जुन्या मालकाचे नाव, आणि खाली सही किंवा फुलीची खूण. आज अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे आपले पूर्वज या रजिस्टरांत शोधतात.

निवृत्तिवेतनाचेही असेच. आमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी माजी सैनिकांच्या विधवा येतात. कोणाचे नाव एका कागदावर एक तर दुसऱ्यावर दुसरे, कोणाचा विवाहाचा पुरावा नाही, हयातीच्या दाखल्यावर अंगठा. तेथेही हेच झाले. गुलामांचे लग्न कायद्याने लग्नच नव्हते, मग शिपायाच्या विधवेने दाखला आणायचा कुठून? शेजाऱ्यांना, जुन्या सोबत्यांना, कधी पूर्वीच्या मालकालाही साक्षीला आणावे लागे. एकेक प्रकरण वर्षानुवर्षे चाले आणि कित्येक अर्ज नामंजूर होत. त्या युद्धाच्या हिशेबातील शेवटचे निवृत्तिवेतन नॉर्थ कॅरोलायनातील एका वृद्धेला मिळत होते. तिचा बाप आधी दक्षिणेकडून आणि नंतर उत्तरेकडून लढला होता व ती त्याच्या म्हातारपणाची मुलगी. दरमहा ७३ डॉलर १३ सेंट. ३१ मे २०२० रोजी तिचे निधन झाले आणि ते देणे थांबले.